मानवतचं पारितोषिक

पेडगावकर सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं : "मॅडम, ह्या माणसाचं नाव फाटलंय."

मानवतच्या शाळेतला माझा तो पहिलाच आठवडा. मी इंग्रजी शिकवायला आले होते आणि स्टाफरूममध्ये अजून कुणाची नीट ओळख झाली नव्हती. समोर एक उंच, कृश गृहस्थ उभे. पांढरं धोतर, वर तपकिरी कोट, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. हातात एका इंग्रजी मासिकाचं अर्धं पान, तेलानं पारदर्शक झालेलं. बाजारात भजी घेतली, ती या कागदात आली, असं त्यांनी सांगितलं. भजी थंड झाली तरी सर कागदच वाचत बसले होते.

"निम्मं समजलं, निम्मं न्हाई. तेवढं वाचून सांगा. घाई न्हाई, पण आत्ताच सांगा."

पान कार्डांबद्दल होतं. कार्डाच्या कडेनं भोकं पाडायची. प्रत्येक भोकाला एक अर्थ द्यायचा. ज्या कार्डाला तो अर्थ लागू असेल त्याचं भोक कडेपर्यंत कापून उघडं करायचं. मग सगळी कार्डं एकत्र धरून त्या भोकातून सळई घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. हवी ती कार्डं खाली पडतात, नको ती सळईवर राहतात. कॉम्प्युटर यायच्या आधी माणसं अशी माहिती शोधत, असं त्यात लिहिलं होतं. ही युक्ती ज्यानं काढली त्याचं नाव फाटलेल्या बाजूला गेलं होतं.

मी वाचून संपवलं तेव्हा सर खुर्चीत बसलेले नव्हते. ते स्टाफरूमभर फिरत होते. "कमाल हाय! हजार कार्डं एकेक बघायची न्हाईत. एकदा हलवलं की काम तमाम! मॅडम, असं डोकं ज्याचं हाय त्याला जगानं काय दिलं असेल?"

कोपऱ्यात विज्ञानाचे कदम सर वह्या तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "काय देणार? पगार दिला असेल."

त्या दिवशी सुरू झालेला वाद पुढं सात वर्षं चालला.

पेडगावकर सर गणित शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यामुळं फळ्यावर मराठी आकडे लिहिताना बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराला तोंडानं "जमा, तफरीक, जरब, तकसीम" चालायचं. पोरंही तसंच म्हणायची. कुठलीही गोष्ट ऐकली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "क्रम सांगा." स्वयंपाकाची तक्रार असो नाहीतर लग्नाची बोलणी. आधी काय, मग काय, अडलं तर काय, हे कळल्याशिवाय ते मत देत नसत. घरी त्यांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, एकदा मला हसत सांगितलं, "मी माहेरी चालले म्हनलं तरी हे म्हणतात, क्रम सांग."

कॉम्प्युटर त्यांनी तोवर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरी ते कॉम्प्युटर शिकवत. नववीचा अख्खा वर्ग मैदानावर उभा करायचे, प्रत्येकाच्या हातात आकडा लिहिलेली पाटी. नियम एकच : एका वेळी दोघांनीच पाट्या ताडून बघायच्या, बाकीच्यांनी गप्प. पहिल्या दिवशी शेजाऱ्या-शेजाऱ्यानं अदलाबदल करत लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावली. दोन तास गेले, मधली सुट्टी बुडाली, पोरं उन्हानं लाल झाली. दुसऱ्या दिवशी तोच वर्ग, त्याच पाट्या. पण आज छोट्या छोट्या रांगा लावून त्या एकमेकींत मिसळायच्या. पाऊण तासाच्या आत रांग तयार! शेवटची पाटी जागेवर गेली तेव्हा पोरांनी जो ओरडा केला, तो ऐकून हेडमास्तर धावत बाहेर आले. सर शिट्टी तोंडात धरून मैदानाला चक्कर मारत होते.

"यंत्र तेच, पोरं तीच, पाट्या त्याच!" ते मला ओरडून सांगत होते. "वेळ वाचला कशानं? इचारानं! निव्वळ इचारानं, मॅडम!"

त्याच आठवड्यात त्यांनी मला पहिलं पत्र लिहायला बसवलं. परदेशातल्या एका मोठ्या पारितोषिक समितीला. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत करायचे. कॉम्प्युटरचं शास्त्र लिहिणाऱ्या माणसांना तुमच्या पारितोषिकात जागा नाही, ही चूक आहे, ती दुरुस्त करावी, असा मजकूर. मी "विनंती" हा शब्द घातला तर त्यांनी खोडायला लावला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. नावं सुचवण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे आणि या विषयाची शाखा आमच्याकडं नाही, असं दोन ओळींत सभ्यपणे कळवलं होतं. मला वाटलं सर हिरमुसतील. ते पाकीट घेऊन गावभर फिरले. "न्हाई म्हनले, पन वाचलं तर!" आणि लगेच दुसरं पत्र. त्यात एकच वाक्य : शाखा नसेल तर काढावी.

इकडं भज्यांच्या कागदातली युक्ती स्वस्थ बसू देत नव्हती. गावातल्या छापखान्यात बिघडलेल्या लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला असायचा. जाड कागद, सगळा एका मापाचा. सरांनी तो उचलून आणला. कोऱ्या बाजूला नाव-पत्ता, कडेनं भोकं. सळई म्हणून मोडक्या छत्रीची काडी. आता या कार्डांवर शोधायचं काय? बरेच दिवस विचार करून ते म्हणाले, "रक्त."

तालुक्याच्या डॉक्टरांना गाठून त्यांनी आठवडी बाजारात रक्तगट तपासायचं टेबल लावलं. लोक सुईला घाबरत. सर पहिलं बोट स्वतःचं पुढं करत. आठ बाजारांत त्यांनी आठ वेळा बोट टोचून घेतलं. दर वेळी तोच गट निघायचा आणि दर वेळी ते डॉक्टरांना गंभीरपणे विचारायचे, "खात्री हाय ना?" लोक हसत, आणि हसता हसता आपलं बोट पुढं करत. अशी सातशेच्या वर कार्डं झाली.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत माणसं एकमेकांकडं वेगळ्या नजरेनं बघत होती. अठ्ठ्याहत्तर साली कित्येक गावांत घरं जळाली होती आणि ती धग विझलेली नव्हती. बाजारातल्या त्या टेबलाशी एक प्रतिष्ठित गृहस्थ आले. कार्ड उलटसुलट करून म्हणाले, "सर, नाव हाय, गल्ली हाय, गट हाय. जातीचं भोक कुठंय?"

सरांनी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. "भोकं संपली," म्हणाले. "कड तेवढीच हाय."

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी सगळं गाव बंद होतं. तेव्हा नामांतराच्या बाजूचेही बंद व्हायचे आणि विरोधातलेही. तो कुणाचा होता ते आता मला आठवत नाही. एसटी उभ्या होत्या, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. मी सरांच्या घरी पत्राचा मसुदा घेऊन गेले होते. तेवढ्यात एक तरुण मोटारसायकलवरून आला. जवळच्या खेड्यातल्या पाटलांचा मुलगा. बायको परभणीच्या दवाखान्यात, बाळंतपणात फार रक्त गेलेलं. हातातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं : बी निगेटिव्ह, दुपारच्या आत. परभणीत सगळीकडं विचारून झालं होतं. कुणीतरी मानवतच्या मास्तरांचं नाव सांगितलं, म्हणून तो सुसाट आला होता.

सरांनी पेटी उघडली. सातशे कार्डांचे चार गठ्ठे केले. छत्रीची काडी एका भोकात घातली, उचललं, हलवलं. पहिल्या गठ्ठ्यातून काही नाही. दुसऱ्यातून काही नाही. तो तरुण भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसत होती. तिसऱ्यातून एक कार्ड पडलं. चौथ्यातून एक. माझ्या घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती.

पहिलं कार्ड एका कापड दुकानदाराचं. तो सुरतेला गेलेला. दुसरं किसन खंदारेचं, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एका तिशीतल्या माणसाचं. आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. वस्तीत माणसं घोळक्यानं उभी होती, पण सरांना बघून वाट दिली. किसन दारातच बसलेला. सरांनी एका दमात सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "कुठली बाई?"

पाटलाच्या मुलानं गावाचं नाव सांगितलं.

 किसनची आई आतून बाहेर आली, तिनं त्या मुलाकडं बघितलं आणि पदर ओढून परत आत गेली. तेव्हा मला कळलं. अठ्ठ्याहत्तरला रातोरात सोडलेलं त्यांचं गाव ते होतं. कार्डावर फक्त मानवतची गल्ली लिहिलेली, सरांनाही हे माहीत नव्हतं.  सर म्हणाले, "किसनराव, मला ठाऊक न्हवतं. तुमी न्हाई म्हनलात तरी माझं काई म्हननं न्हाई."

किसन उठला, खुंटीवरचा सदरा काढला. "सर, बाजारात माझं बोट टोचलं तवा मी इचारलं व्हतं का, ह्ये रगत कुनाला देनार?"

"न्हाई."

"मंग आता कशाला इचारायलात? चला."

पाटलाच्या मुलाची मोटारसायकल पेट्रोलअभावी सरांच्या दारात बंद पडली होती. कदम सरांकडं स्कूटर होती. आम्ही त्यांच्या दारी गेलो तशी त्यांनी ती बाहेर काढली, किसनला मागं बसवलं आणि बंदच्या रस्त्यानं परभणीला नेलं. वाटेत दोन ठिकाणी त्यांना अडवलं. दोन्हीकडं किसननंच उतरून सांगितलं, रक्त द्यायला जायलोय. दोन्हीकडं दगड बाजूला केले गेले.

बाई वाचली. मूलही वाचलं, मुलगी होती.

चार दिवसांनी पाटील स्वतः हार घेऊन शाळेत आले. सरांनी गळ्यात पडायच्या आत तो हातात घेतला. "हार चुकीच्या पत्त्यावर आलाय," म्हणाले आणि किसनचं कार्ड पाटलांच्या हातात दिलं. पाटलांनी ते वाचलं. मग हार घेऊन जिनिंगच्या गेटाकडं गेले. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. किसननं कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

या घटनेनंतर वाद स्टाफरूममध्ये मावेना. शाळेच्या विज्ञान मंडळानं शनिवारी दुपारी जाहीर सामना ठेवला : कॉम्प्युटरच्या शास्त्रज्ञांना जगातली मोठी पारितोषिकं द्यावीत की नाही. हॉल भरला, खिडक्यांत माणसं बसली. जिनिंगमधले कामगार आले, व्यापारी आले, बायका आल्या. किसन मागच्या भिंतीशी उभा होता.

कदम सरांनी शांतपणे मांडणी केली. मोठं पारितोषिक निसर्गाचं गुपित उघडणाऱ्याला मिळतं. अणू, पेशी, तारे ही गुपितं. कॉम्प्युटरवाल्यांनी कुठलं गुपित उघडलं? माणसानंच बनवलेल्या यंत्राला माणसानंच हुकूम लिहून दिले. हुशारी आहे, शोध नाही.

पेडगावकर सर उठले. भाषण केलंच नाही. समोरच्या रांगेतल्या गिरणीवाल्या शांताबाईंना म्हणाले, "एक ते हजार, कोनताबी आकडा मनात धरा. मी दहा प्रश्न इचारनार. तुमी फक्त हो न्हाईतर न्हाई म्हना."

"पाचशेच्या वर?" "न्हाई." "अडीचशेच्या वर?" "हाव." दर प्रश्नाला आकड्यांचा अर्धा ढिगारा बाजूला होत होता. दहाव्या उत्तरावर सर म्हणाले, "तीनशे चौऱ्याण्णव." शांताबाई उभ्याच राहिल्या. "अगं बाई! माज्या नवऱ्याला इतक्या वर्षांत माज्या मनातलं कळलं न्हाई!"

हॉलमध्ये हशा उसळला. सरांनी हात वर केला. "आता कदम सर, तुमी इचारा. आकडा मी धरतो. पन प्रश्न नऊ."

कदम सरांनी मनापासून प्रयत्न केला. तेही गणितात कच्चे नव्हते. नऊ प्रश्न संपले आणि दोन आकडे शिल्लक राहिले. त्यांनी एक सांगितला, तो चुकला.

"नशिबानं बरोबर आला असता," सर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला होता. "पन खात्रीनं? नऊ प्रश्नांत खात्रीनं कुनालाच येनार न्हाई. इथं न्हाई, अमेरिकेत न्हाई, चांदावर न्हाई. हा कायदा कुनी केला, कदम सर? मी न्हाई केला. यंत्रानं न्हाई केला. सफरचंद खाली पडतं तसाच हा हाय. मानूस न्हवता तवाबी होता! शोधायला कमीत कमी किती पावलं लागतात, हे निसर्गाचं गुपित न्हाई तर काय? सातशे मानसांतून एक मानूस दोन मिनिटांत सापडला. दोन तास लागले असते तर?"

 कदम सर हसले. "मान्य. कायदा आहे. पण तो गणिताचा. आणि गणिताला तरी त्या पारितोषिकात कुठं जागा आहे?"

"न्हाई?" सर थबकले. मग माझ्याकडं वळून, "मॅडम, आनखी एक अर्ज!"

हशा ओसरल्यावर कदम सर सावकाश म्हणाले, "पण सर, सापडलेला माणूस 'न्हाई' म्हणाला असता तर तुमच्या कायद्याचं काय झालं असतं?"

 सरांनी मान डोलावली, आणि मला वाटतं त्यांना आनंदही झाला. हात वर करून मत घेतलं तेव्हा कदम सर मोठ्या फरकानं जिंकले आणि त्यांच्या बाजूनं वर गेलेल्या हातांत पेडगावकर सरांचाही हात होता. पण खाली बसता बसता ते परत उठले. "द्यायला पाहिजे हे मात्र खरं. किसनरावांनाबी आनि त्या कायदेवाल्यांनाबी. ते लोक देत न्हाईत. मंग आपन देऊ. मानवत देईल!"

तिथल्या तिथं 'मानवत पारितोषिक' स्थापन झालं. शाल, नारळ आणि हातानं लिहिलेलं मानपत्र. पहिलं किसन खंदारेला, त्याच हॉलमध्ये, पुढच्याच शनिवारी. कदम सरांच्या हस्ते. किसन शाल अंगावर घेऊन तसाच जिनिंगमध्ये पाळीवर गेला.

दुसऱ्या पारितोषिकाला दोन वर्षं थांबावं लागलं. तोवर सरांची निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. इंग्रजी पेपरात मी वाचलं, की शोधण्याच्या आणि क्रम लावण्याच्या रीतींवर आयुष्यभर काम केलेले एक वृद्ध परदेशी शास्त्रज्ञ हैदराबादला व्याख्यानाला येणार आहेत. मी तो पेपर सरांना दाखवला ही माझी या सगळ्यातली एकमेव कामगिरी. मानवत रोड स्टेशनवरून आम्ही गाडीत बसलो : सर, मालतीबाई, कदम सर आणि मी. नारळ कदम सरांनी आपल्या पैशानं घेतलेला. "मी अजून विरोधातच आहे," ते बजावून सांगत होते, "पण नारळ माझा."

व्याख्यान संपलं. सर शाल उलगडून थेट व्यासपीठाकडं निघाले. संयोजकांनी अडवलं, मी इंग्रजीत समजावू लागले. त्या वृद्ध गृहस्थांनी ते पाहिलं आणि हातानं खूण करून आम्हाला वर बोलावलं. सरांनी मानपत्र मराठीतून वाचलं, खणखणीत आवाजात, आणि मी ओळ ओळ इंग्रजीत करत गेले. मैदान, पाट्या, लग्नपत्रिका, छत्रीची काडी, बंदचा रस्ता, किसन.  ते गृहस्थ शालीसाठी वाकले, इतके की उंच सरांनाही वाकावं लागलं. मग विचारलं, "ती काडी बघायला मिळेल?"

सरांच्या पिशवीत काडी होती, पन्नास कार्डंही होती. टेबलावर गठ्ठा ठेवला, काडी घातली, हलवलं. तीन पडली. त्या म्हाताऱ्या माणसानं काडी स्वतः हातात घेतली आणि लहान मुलासारखं पुन्हा केलं, परत केलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मोठमोठे सन्मान मिळाले, ते म्हणाले, पण माझ्या कामानं कुणाचं रक्त कुणापर्यंत पोचतं हे मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. आणि मग हळू आवाजात आणखी एक गोष्ट सांगितली : माझ्या नावावर जी रीत आहे, तिची खरी किल्ली माझ्या एका सहकारी बाईंनी शोधली होती. त्या आता घरी असतात. त्यांना कुणी विचारत नाही.

मी हे मराठीत सांगितलं मात्र, सरांनी माझा हात धरला. "नाव! मॅडम, नाव लिहा! पत्ता लिहा! फाटायच्या आत लिहा!"

मी हैदराबादला बहिणीकडं सुट्टीभर राहिले. जूनमध्ये माझी बदली पूर्णेला झाली, सर निवृत्त होऊन मुलाकडं नाशिकला गेले आणि पुढं भेट झालीच नाही. त्यांचं माझ्या डोळ्यांपुढं राहिलेलं शेवटचं रूप त्या संध्याकाळचं आहे. गाडीला तासभर वेळ होता. मालतीबाई आणि कदम सर सामानासह रिक्षात बसून हाका मारत होते. आणि सर शालींच्या दुकानाच्या पायरीवर, दुकानदाराशी दखनीत : "भाई, एक शाल और होना. जनाना."

"शादी है क्या, मास्टरसाब?"

"शादी नई. उससे बड़ी बात है."

दोन्ही हातांत दोन शाली, एक निळी, एक डाळिंबी. त्या उजेडात धरून ते वळले आणि अर्धी गल्ली ऐकेल एवढ्यानं त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तिकडं थंडी लय असते का?"